तांबटाशेजारची गिटार

वाद्यं माणसांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. पास्कूकाकांचं गिटारचं दुकान तांबटाच्या दुकानाला लागून होतं. दिवसभर हातोड्याची ठणठण चाले. म्हणून गिऱ्हाईक सगळ्या तारा एकदम जोरात वाजवून बघे आणि त्या ठणठणाटातही जिचा आवाज ऐकू येई, ती गिटार घेऊन जाई.

दुकानातली चिमी नावाची गिटार अंगाने लहान, कमरेत बारीक. जोरात वाजवलं की तिचा आवाज चिरकायचा. शेजारची ढेरपोटी गिटार, ढोल्या, खो खो हसायचा. "अंगात दम लागतो, बाळे!" आज चिमीला कुणी नेलं नाही, तर काका तिला पाटीसारखी दाराबाहेर टांगणार होते. तिथल्या उन्हात तिचं लाकूड तडकलंच असतं.

दुपारी फिलोमिना गिटार घ्यायला आली. ती नुसत्या बोटांनी वाजवायची. आधी तिने ढोल्याला मांडीवर घेतलं. त्याच्या पोटावरून हात नेताना तिचा खांदा अवघडला, आणि इतक्या हलक्या बोटांनी ढोल्या धड जागाही होईना.

मग चिमी तिच्या कुशीत अलगद बसली. "मला ओरडता येत नाही हं," तिने आधीच सांगून टाकलं.

"ओरडायला सांगतंय कोण?" म्हणत फिलोमिनाने एकेक तार छेडली. हातोड्याच्या दोन ठोक्यांमधून चिमीचा सूर सुटा, स्वच्छ, भरलेला निघाला.

ढोल्याच्या गडगडाटाने जो हातोडा कधी थांबला नव्हता, तो थांबला. तांबट दारात येऊन उभा राहिला.

"वाजवा," तो म्हणाला, "भांडी काय, उद्याही ठोकता येतील."