एका घटकेची चूल

एका राज्यात राजवाड्याची चूल माणसांचं आयुष्य खात असे. पूर्वी तिथे एका भुकेल्या मांत्रिकाला जेवण उशिरा मिळालं होतं. तो शाप देऊन गेला, "इथे विस्तव जळेल, तसं रांधणारीचं वय जळेल." तेव्हापासून घटकेला एक दिवस जाई. घराण्यात रांधायचं राणीनेच. राणी भद्रावती होती चाळिशीची, दिसे ऐंशीची.

तिची नवी सून रेणुमती. बोले कमी, पाही फार.

"सूनबाई, चुलीपाशी येऊ नकोस," राणी म्हणे. "माझं जळायचं ते जळलं. तुझं राहू दे."

रेणुमतीने आठ दिवस पाहिलं. घराण्याची रीत अशी, की आधी चूल पेटवायची, मग पाणी आणायचं, मग डाळ निवडायची, मग झारा शोधायचा. झारा रोज हरवे. चूल मात्र रोज वेळेवर पेटे.

खिडकीत एक साळुंकी बसे. तिला शाप-उतारे ठाऊक होते. रेणुमतीने तिला उतारा विचारला.

"तीन दिवस, तीन जेवणं, तीस पानं. पाण्यात सोडलेली, तळाला भोक असलेली घटकेची वाटी बुडण्याआधी चूल विझली पाहिजे. अन्न कच्चं राहिलं, तर सासू गेली."

"वाटी कधी सोडायची?"

"विस्तव पेटला की."

"मग त्याआधीचा वेळ माझा," रेणुमती म्हणाली.

पहिल्या दिवशी वरण-भात. डाळ-तांदूळ आधीच भिजलेले, फोडणीचं सामान हाताशी मांडलेलं. डाळ चुलीवर, भात शेजारच्या वैलावर, चुलीच्याच आचेवर. त्या वैलावर आजवर फक्त आंघोळीचं पाणी तापत आलं होतं. वाटी बुडाली, तेव्हा चूल विझलेली होती.

"तुझा एक दिवस गेला गं," राणी पुटपुटली.

"जाऊ दे. अजून दोनच जायचे आहेत."

दुसऱ्या दिवशी मटकीची उसळ. फडक्यात मटकीला मोड आले होते. निम्मं काम रेणुमती झोपलेली असतानाच झालं होतं.

तिसऱ्या दिवशी भाकरी. ती आधी करून ठेवता येत नाही, आणि तीस भाकऱ्यांना दोन हात पुरत नाहीत. रेणुमतीने राजापुढे परात ठेवली.

राजा म्हणाला, "आमच्या घराण्यात राजे पिठाला हात लावत नाहीत."

"म्हणूनच आपल्या घराण्यात राण्या लवकर म्हाताऱ्या होतात, मामंजी."

राजाने राणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मुकुट काढला आणि पीठ मळायला घेतलं. युवराज थापायला बसला. त्याच्या भाकरीला तीन कोपरे आले.

"गोल कर," राजा म्हणाला.

"आपण पीठ सैल मळलंत, आबासाहेब."

"भांडा नंतर," रेणुमती म्हणाली. तिने चूल पेटवली, वाटी सोडली. चुलीवर एक तवा, वैलावर दुसरा. वाटीत पाणी काठाला आलं, तेव्हा तिसावी भाकरी फुगली. तिने चुलीवर तांब्या ओतला.

चुलीतून निळा धूर उठला आणि धुराड्यातून कायमचा निघून गेला. भद्रावतीचे केस काळे झाले, पाठ ताठ झाली, गेलेली चाळीस वर्षं अंगी परतली.

त्या दिवशी ती पहिल्यांदा सगळ्यांबरोबर पंगतीला बसली. तिने तीन कोपऱ्यांची भाकरी मागून घेतली आणि गरम असतानाच मोडली. तिचे दिवस जसे तिला मिळाले, तसे ज्याचे त्याला मिळोत.