रोहिणीची घंटा

एका राज्यात रात्रीचे प्रहर नक्षत्रांवरून मोजीत. राजवाड्याच्या कळसावर जे नक्षत्र येई त्याच्या नावाने घंटा होई, आणि त्या घंटेवर पहारे बदलत, होड्या सुटत, लग्ने लागत. कालदंड नावाच्या मांत्रिकाने राजा विक्रांतदेवाकडे ती घंटा मागितली. राजाने दिली नाही. तेव्हा कालदंडाने आभाळभर धुके पसरले आणि राजा सिंहासनावर होता तसाच पाषाण झाला. मांत्रिक म्हणाला, "रोहिणी कळसावर असता जो घंटा वाजवील, तो राजाला उठवील. क्षण चुकला, तर तोही दगड होईल."

धुक्यातून आता दोनच ज्योती दिसत, दोन्ही तांबड्या, एकमेकींच्या जवळ. एक रोहिणी, दुसरा मंगळ. कोणती कोण, हे सांगायला शेजारची एकही चांदणी उरली नव्हती. राजपुत्र चंद्रकेतूने अधिक तेजस्वी ज्योत पाहून घंटा वाजवली, आणि हातात दोर असतानाच तो शिळा झाला.

धाकटी राजकन्या इंदुलेखा भावाच्या पायाशी बसून खूप रडली. मग डोळे पुसून ती अरण्यातल्या म्हाताऱ्या टिटवीकडे गेली, कारण टिटवी रात्र रात्र जागते.

टिटवी म्हणाली, की शापाने आपल्यालाही रोहिणीचा विसर पडला आहे. "पण ओळखायची रीत आहे. नक्षत्र आपली वेळ मोडत नाही. ग्रह भटका असतो. तीन कामे कर, राजकन्ये."

पहिले काम सरोवराच्या तळाशी होते. तिथल्या नागापाशी तांब्याचे घटिकापात्र होते; बुडाला बारीक भोक असलेली ती वाटी पाण्यावर सोडली की ठरल्या वेळात भरून बुडे. नागाने मोबदल्यात तिचे लांब केस मागितले. तिने तिथेच कापून दिले.

दुसरे काम वाऱ्याच्या कड्यावर. तिथे एक राक्षसीण न हलणारा धागा कातीत बसली होती. तो कळसावरून ताणला, म्हणजे ज्योत नेमकी केव्हा माथ्यावर आली ते कळणार होते.

"भय वाटते का तुला?" राक्षसिणीने विचारले.

"वाटते. म्हणूनच धागा हवा."

राक्षसिणीने तो दिला.

तिसरे काम वाट पाहण्याचे, आणि तेच सर्वांत कठीण. रोज इंदुलेखा धाग्याखाली बसे. एक ज्योत धाग्यावर आली की वाटी सोडी, आणि ती ज्योत दुसऱ्या रात्री परत येईपर्यंत किती वाट्या बुडाल्या ते पाही. मग दुसऱ्या ज्योतीचे माप घेई. कालदंड आईचे रूप घेऊन येई आणि विनवी, की पोरी, तेजस्वी तीच खरी, वाजव आणि बापाला सोडव. तिचा हात दोराकडे जाई. ती तो मागे घेई.

हळूहळू माप बोलू लागले. तेजस्वी ज्योत आधी जरा उशिरा परतत असे, पुढे लवकर परतू लागली; चालता चालता ती उलटी फिरली होती. मंद ज्योतीची शेवटची वाटी मात्र नेहमी एकाच खुणेपर्यंत भरे. सूर्याच्या मानाने ती रोज थोडी लवकर उगवे, पण स्वतःच्या फेऱ्याला तिने कधी कमी-जास्त पाणी घेतले नाही.

अशी रोज थोडी अलीकडे सरकत एके दिवशी ती मंद ज्योत संध्याकाळीच कळसावर आली. सारे नगर अंगणात उभे होते. आईच्या रूपातला कालदंड किंचाळला, "ती नव्हे!" इंदुलेखाने डोळे धाग्यावरून हलवले नाहीत. ज्योत धाग्याला टेकली, आणि तिने दोर ओढला.

नाद आभाळापर्यंत गेला. धुके फाटले, कृत्तिका दिसल्या, मृग दिसला, आणि धुक्याबरोबर कालदंडही विरून गेला. चंद्रकेतूने दीर्घ श्वास घेतला. राजा सिंहासनावरून उतरून बाहेर आला, लेकीच्या कापलेल्या केसांवर हात ठेवून म्हणाला, "फार जागलीस, बाळ. आता नीज."

त्या रात्री पुढची घंटा भावाने वाजवली. इंदुलेखाने ती ऐकलीच नाही; ती गाढ झोपली होती.

त्या राज्याची घडी जशी पुन्हा बसली, तशी ऐकणाऱ्यांचीही बसो.