डब्यावरचा आकडा

"पण अण्णा, डब्यावर सहा हजार छापलंय की नाही?"

हेरंब हे तिसऱ्यांदा विचारत होता. बुधवार होता. सकाळचे अकरा वाजत आले होते. गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागं, शिरगुप्पे अण्णांच्या पुढच्या खोलीत हेरंबचा कॉम्प्युटर झाकण काढून पडला होता आणि टेबलफॅन थेट त्याच्या पोटात वारा घालत होता.

अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तालुक्यातल्या निम्म्या दुरुस्तीवाल्यांना तारांना डाग द्यायला त्यांनीच शिकवलं. हेरंब त्यांतला सगळ्यांत हुशार. हे अण्णांना माहीत होतं, आणि हेरंबला जरा जास्तच.

"छापलंय," अण्णा म्हणाले. "मी वाचलं. मेमरीला वाचता येत नाही."

मेमरीच्या चार पट्ट्या होत्या. त्यांच्या मनावर सोडल्या, तर अठ्ठेचाळीसशेच्या वेगानं निमूट चालायच्या. डब्यावरचे सहा हजार लावले की कधी पडदा काळा, कधी चाचणीत चूक. महिनाभर हेच.

"आज एकही चूक नाही, अण्णा. साडेचार तास झाले."

"होऊ दे पुरे."

तेवढ्यात फोन वाजला. चंदगडहून वहिनी होत्या. हेरंबचा थोरला भाऊ, दिगूदादा, शाळेत शिकवायला जायच्या आधी नेहमीसारखा ओढ्याकाठी पाखरांचे आवाज टिपायला गेला होता. गुराख्यांना तो तिथंच सापडला. रेकॉर्डर चालूच होता म्हणे…

हेरंब मोबाईल हातात धरून उभा राहिला.

सकाळी आठला दादाचा फोन येऊन गेला होता. हेरंबनं नाव पाहिलं होतं. "चाचणी होऊ दे, मग करतो," असं म्हणून त्यानं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला होता.

अण्णा तेव्हा समोरच बसले होते.

तेरावं उरकून तो परत आला तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात चाळीस कॅसेट होत्या. जग मोबाईलवर गेलं तरी दिगूदादानं जुना टेपरेकॉर्डर सोडला नव्हता. एकोणचाळीस कॅसेटवर त्याच्या मास्तरी अक्षरात गाव आणि तारीख. चाळिसावीची चिठ्ठी कोरी. ती रेकॉर्डरमधून निघालेली.

"ह्यांची खरखर काढायची आहे," हेरंब म्हणाला. "पाखरू न् पाखरू, पान न् पान ऐकू आलं पाहिजे. त्यासाठी मशीन पूर्ण ताकदीनं चालायला हवं."

"अठ्ठेचाळीसशेनं चालतंय की."

"अण्णा, दादाचं काम आहे. कमी का म्हणून घ्यायचं?"



हेरंबनं पहिली कॅसेट स्पीकर बंद ठेवून मशीनमध्ये उतरवली. सहा हजारावर खरखर काढली. अण्णांनी तीच फाइल पुन्हा साफ करायला लावली. दोन्ही निकाल ताडून पाहिले, तर जुळेनात.

"ह्यातली खरी कुठली?" अण्णांनी विचारलं.

"फरक फार नाही. एखादा कण."

"कुठला कण?"

मेमरी चुकते तेव्हा ओरडून सांगत नाही. कुठंतरी एक ठिपका बदलते आणि गप्प बसते.

त्यानंतरच्या आठवड्यात हेरंबनं मशीनला छळलं की मशीननं हेरंबला, हे सांगणं कठीण. त्यानं व्होल्टेज चढवलं, उतरवलं. पट्ट्या काढल्या, पुसल्या, जागा बदलून बसवल्या. जेवण विसरला. चहा आणून दिला की "ठेवा" म्हणायचा आणि साय धरली की खेकसायचा, "हा गार कसा?"

अण्णा मधूनमधून आत जात. आतल्या खोलीत त्यांचं स्वतःचं जुनाट कॉम्प्युटरचं मशीन कायम घुमत असे. परत येऊन पुन्हा समोर बसत.

एका सकाळी चाचणी पार पडली. हेरंब टाळी वाजवून उठला. "पास!"

अण्णांनी टेबलफॅन उचलला आणि स्वतःकडं वळवला. मग मशीनचं झाकण लावलं.

दुपारी दोनला पडद्यावर लाल ओळी उमटल्या. एक, मग सात, मग मोजायच्या बाहेर.

"सकाळी पास झालं होतं!"

"सकाळी पंखा पास झाला."

हेरंबनं चिडून कोल्हापूरच्या दुकानदाराला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलला. दुकानदारानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, चार पट्ट्यांचा एकच डबा घेतलाय, की दोन-दोनचे दोन?"

"दोन-दोनचे. काय फरक पडतो? नाव तेच, आकडा तोच."

"कंपनी डब्यातल्या जोडीची खात्री देते. तुम्ही जोड्यांची चौकडी केलीत, ती तुमची."

हेरंबनं फोन आपटला. "माहीत होतं मला हे," तो म्हणाला. त्याला ते खरंच माहीत होतं. दहाजणांना त्यानंच सांगितलं असेल.

अण्णांनी एका डब्यातल्या दोन पट्ट्या काढून बाजूला ठेवल्या. उरलेल्या दोन बोर्डावर जोडीसाठी खूण केलेल्या खाचांत बसवल्या. झाकण लावलं. सहा हजार लावले.

दीड दिवस. पंखा नाही. चूक नाही.

"बघितलंत?" हेरंबचा चेहरा उजळला. "सहा हजार! मी सांगत होतो!"

"झालं तर मग."

"झालं कसं? मेमरी निम्मी राहिली ना, अण्णा. चारही पट्ट्या ह्याच वेगानं चालल्या पाहिजेत." त्याचा हात पुन्हा झाकणाकडं गेला.

"चार कशाला?"

"काम लवकर होईल."

"एका कॅसेटमागं किती वेळ वाचेल?"

हिशेब हेरंबनं केव्हाच केलेला होता.

"…चौदा सेकंद."

अण्णांनी मान हलवली, जणू चौदा सेकंद ही रास्तच गोष्ट होती.

"एखादी ऐकलीस का?"

"तेच तर सांगतोय!" हेरंब वैतागून म्हणाला. "मशीन होऊ दे, मग ऐकतो."

अण्णा उठले. टेबलावर पट्ट्यांशेजारी हेरंबचा मोबाईल पडला होता. त्यांनी तो उचलला, पडद्यावर एकदा नजर टाकली आणि हळूच पालथा ठेवला.

बाहेर भंगारवाला ओरडत गेला…

हेरंबचा हात झाकणावर होता. तो तिथंच राहिला.

बऱ्याच वेळानं त्यानं बिस्किटांचा डबा ओढला आणि उघडला. आत एकच कॅसेट होती. कोऱ्या चिठ्ठीची.

त्यानं वर पाहिलं. आतल्या खोलीतलं जुनं मशीन घुमत होतं.

"अण्णा… बाकीच्या?"

"एकोणचाळीस आत साफ करून झाल्यात," अण्णा म्हणाले. "ती मी लावलेली नाही."