तान्हीबाईची भिंत

चपला पायरीशी काढून आत या. हे सयाजी मास्तरांचं घर. गावातल्या बायका आळीपाळीनं सारवतात ते, पण स्वयंपाकघरातल्या या एका भिंतीला कुणी शेणमातीचा हात लावत नाही. पापुद्रे सुटलेत, तसेच ठेवलेत. त्याची हकिगत आमचे आजे-पणजे सांगत आले.

सयाजी मास्तर शाळेत शिकवायचे आणि गोऱ्या सरकारविरुद्ध पत्रकं लिहायचे. ती हातोहात घाटावर पोचायची. सरकारनं आधी नोकरी घेतली, मग घरातला कागदन् कागद उचलून नेला. मास्तरांना कागद विकेल त्याला तुरुंग, अशी दवंडी पिटली. तेव्हा मास्तरांनी चुलीतला कोळसा घेतला आणि या भिंतीवर लिहायला बसले. आठ दिवस लिहीत होते म्हणे.

त्यांच्या बायकोला, तान्हीबाईला, अक्षर येत नव्हतं. "एवढं काय लिहिताय?" तिनं विचारलं.

"पुरं होऊ दे. मग सगळं वाचून दाखवतो."

नवव्या दिवशी दुपारी पोलिसांनी मास्तरांना शेताच्या बांधावर धरलं आणि झडतीसाठी घराकडे निघाले. बातमी त्यांच्याआधी पोचली. तान्हीबाईनं शेणमातीची पाटी ओढली आणि दोन्ही हातांनी सगळी भिंत सारवून काढली. फौजदारानं ओल्या भिंतीवर बोट टेकवलं. "हे आत्ताच का?"

"परवा घट बसायचेत, साहेब."

पुरावा सापडला नाही. काळं पाणी टळलं, तीन वर्षांची सजा झाली. पण दुसऱ्याच पावसाळ्यात मास्तर तुरुंगात तापानं गेले. शेवटच्या भेटीत शिपाई मध्ये उभा होता, भिंतीवर काय लिहिलं ते सांगता येईना. एवढंच म्हणाले, "तान्हे, अक्षर शिकून घे. तुझं तुला वाचता येईल."

ती शिकली. अडतिसाव्या वर्षी शाळेत पोरींच्या रांगेत पाटी घेऊन बसली. लोक हसले. दोन वर्षांनी सरळ वाचता येऊ लागलं, तशी तिनं भिंतीवर पाणी शिंपडलं आणि बोटांनी माती सोडवायला घेतली. मातीबरोबर कोळसाही सुटून आला. सगळी भिंत उकलली तेव्हा एकच शब्द उरला होता. 'म्हणून'. त्याच्या आधीचं गेलं, पुढचंही गेलं.

ती रडली नाही, असं सांगतात. शेजारीण आली, तिला तान्हीबाई म्हणाली, "माझ्याच हातानं पुसलं गं."

स्वराज्य आल्यावर स्मारक करायला साहेबलोक आले. भिंतीला सिमेंट लावू म्हणाले. म्हातारी दारात आडवी बसली, उठलीच नाही. पुढे घर तिनं गावाला दिलं. अट एकच घातली, ही भिंत कुणी लिंपायची नाही.

आजही गावातली मुलगी लिहायला शिकली की तिची आई तिला इथं घेऊन येते. मुलगी कोळशानं भिंतीवर आपलं नाव लिहिते. बघा, खालपासून किती नावं झालीत. त्या शब्दापुढची हातभर जागा मात्र कुणीच भरत नाही.