शिगेच्या मापाची कहाणी

ऐका मूठमाउली, तुमची कहाणी.

शके चौदाशे सव्वीस, रक्ताक्षीनाम संवत्सर, हेमंत ऋतू, मार्गशीर्षातली पौर्णिमा. आटपाट नगरात राजा होता, मोठा होता. डोंगराआड भोरडखोरं होतं, चिमुकलं राज्य होतं. तिथला नाईक धारराव, म्हातारा झालेला. त्यानं तरुणपणी दुष्काळात राजाकडून शंभर मापं भात बियाण्याला आणलं होतं. राजा म्हणाला होता, "भात फिटेल तेव्हा खोरं तुमचं. तोवर खोरं माझं." तेव्हापासून खोऱ्यातली माणसं राजाचा तट बांधीत. पुष्कळ तिथंच मरत.

त्या पौर्णिमेला नाइकाचा थोरला मुलगा सिदोजी खिंडीतल्या राजाच्या चौकीवर शंभर मापं भात घेऊन गेला. राजाचा मापारी हसला. "नाईक, हे माप बोडकं. वर शीग कुठंय?" शीग म्हणजे मापाच्या काठावर चढवलेली रास.

सिदोजी म्हणाला, "तुम्ही दिलं तेव्हा काठाला काठ दिलं."

"देताना हात आमचा होता. घेतानाही आमचाच आहे."

शीग लावली, भात कमी पडलं. आणलेलं व्याजात गेलं. सिदोजीला तटावर नेलं, तो दगडाखाली गेला. मग दुसऱ्या वर्षी धाकटा खेमाजी गेला. शीग लावली, भात कमी पडलं. खेमाजीला तटावर नेलं, तो तापानं गेला. घरात म्हातारा उरला आणि सिदोजीची बायको येसवा उरली.

मग एके दिवशी दारात एक म्हातारी आली. "बाई, भिक्षा वाढ."

येसवा म्हणाली, "आजी, जेवणं होऊ द्या. उरलं तर वाढीन."

"उरलेलं देता, म्हणून कमी पडतं. मलाही तेच, राजालाही तेच."

येसवेनं पाय धरले. "काय करू, सांगा."

"वसा सांगते. झेपेल?"

"झेपेल."

"रोज चूल पेटवण्याआधी दाण्याची मूठ काढ. कणगीत टाक. टाकलेला दाणा माघारी घेऊ नको. पाहुण्यासाठी नको, आजाऱ्यासाठी नको, मरणाऱ्यासाठी नको."

म्हातारी दिसेनाशी झाली. येसवेनं वसा घेतला. मग खोऱ्यातल्या सगळ्या बायकांनी घेतला.

तिसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. शेतं करपली, विहिरी आटल्या, बसलेली गुरं उठली नाहीत. घरात पसाभर दाणा असला तरी बायका आधी मूठ काढीत. कणग्या भरत गेल्या, माणसं वाळत गेली.

धारराव अंथरुणाला खिळला. म्हणे, "सूनबाई, पेज." येसवा आपल्या वाटणीची देई. म्हातारा म्हणे, "अजून."

"संपली, मामंजी."

"संपली कशी? कणगी दिसते मला. आंधळा नाही झालो अजून."

"ते राजाचं आहे."

"माझ्या घरात राजाचं! नाव काढलंस हो घराण्याचं. माझे दोन मुलगे खाल्लेस, आता सासरा खा."

येसवा उठली, कणगीत हात घातला, रिकामाच बाहेर काढला.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेच्या पहाटे म्हातारा उपाशी गेला. शेजारणी जमल्या, गळा काढू लागल्या. येसवा म्हणाली, "रडू नका. सुतकातलं धान्य मापारी घेत नाही. अजून एक वर्ष जाईल, अजून कुणाचा तरी नवरा जाईल."

एक जण म्हणाली, "अगं, मढं घरात टाकून यायचं?"

"पांघरूण घाला. दार ओढून घ्या. चला."

खोऱ्यातल्या सगळ्या कणग्या रिकाम्या झाल्या. बायका पोती डोक्यावर घेऊन खिंडीत गेल्या. मापारी म्हणाला, "पुरुष संपले वाटतं! नाईक कुठाय?"

"निजलेत," येसवा म्हणाली.

"मग उठवून आणा."

"दमलेत. निजू द्या."

खोटं बोलली. माउलीनं ऐकलं, गप्प राहिली.

मापारी शीग लावीत गेला. शंभर मापं मोजली. म्हणाला, "माझा हात हलला, पुन्हा." पुन्हा मोजली. म्हणाला, "वारा होता, पुन्हा." तिसऱ्यांदा मोजली. येसवा समोर उभी. ओठ दातांखाली, डोळे कोरडे. शंभरावं माप भरलं, वर शीग चढली, टोकाला दाणा थांबला. मापाऱ्यानं सगळीकडे पाहिलं. राजाचे शिपाई पाहत होते, खोऱ्यातली माणसं पाहत होती. त्याला ओरडून सांगावंच लागलं, "फिटलं!"

तशी येसवा मटकन खाली बसली. "मामंजी!" म्हणून तिनं हंबरडा फोडला. मग बायकांनी फोडला. साऱ्या खिंडीत रडणं भरलं.

मापारी उठला. "घरात सुतक होतं?"

पण सगळ्यांदेखत 'फिटलं' बोललेलं परत घेता येत नव्हतं. राजाच्या शिपायांनी चौकी मोडली, निशाण उतरवलं, डोंगर उतरून गेले. बायका म्हाताऱ्याला पोचवायला घरी गेल्या.

मूठमाउली, येसवेचं फिटलं तसं तुमचंआमचं फिटो. तिच्याहून स्वस्तात फिटावं असं कुणी मागू नये. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली. देणं फिटलं.