समुद्राचा वाटा

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात मीठ पिकवणारा एक माणूस राहत होता. त्याचं मिठागर लहान, पण मीठ असं पांढरंशुभ्र, की शेजारच्या कोळीवाड्यातल्या बायका दुसरीकडचं मीठ हातात धरत नसत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या, की खायला उरायची ती याच मिठात खारवलेली मासळी.

गावात एक रीत होती. वाफ्यात कोंडलेलं समुद्राचं पाणी उन्हानं आटलं, की तळाशी मिठाचे खडे धरत. पण सगळं पाणी आटू द्यायचं नाही. शेवटी जे थोडं दाट, तेलकट पाणी उरे, ते बांध फोडून खाडीत सोडायचं. त्याला म्हणत समुद्राचा वाटा. का सोडायचं, हे कुणी विचारलं नव्हतं. वाडवडील सोडत आले म्हणून आपणही सोडायचं, झालं!

त्या वर्षी या माणसाच्या डोक्यात किडा वळवळला. "समुद्राला काय मिठाची वाण आहे? यंदा थेंबही सोडायचा नाही."

बायको म्हणाली, "अहो, देवाचा वाटा आहे तो."

"देव काय टोपली घेऊन येणार आहे?"

त्यानं बांध फोडला नाही. मिठाची रास दरवर्षीपेक्षा चांगली उंच झाली. स्वारी खूश! बायकोनं एक खडा जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकून टाकला. मीठ कडू लागत होतं.

लागणारच. समुद्राच्या पाण्यात एकटं मीठ नसतं, आणखीही क्षार विरघळलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, फडक्यातून गाळून निघत नाहीत. पाणी आटताना आधी मिठाचे खडे होतात, कडू क्षार मात्र मागे उरलेल्या पाण्यात राहतात. ते पाणी सोडून दिलं, की मीठ वेगळं होतं. आपल्या शहाण्यानं तेच पाणी मिठावर आटवलं होतं.

बायको म्हणाली, "माझ्या माहेरी राशीत घाण गेली, की चांगल्या मिठाच्या दाट पाण्यानं मीठ धुतात. त्यात खडे फारसे विरघळत नाहीत, घाण तेवढी जाते. अजून ऊन आहे. धुऊ या ना."

"आणि रास खाली बसेल त्याचं काय? जरा कडसर लागलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही."

दुसऱ्या दिवशी नेहमीची कोळीण आली. तिचा नवरा समुद्रात बुडाला होता, पदरात लहान पोरं होती. होतं नव्हतं ते घालून तिनं पावसाळ्यापुरती मासळी घेतली होती.

"दादा, मीठ नेहमीचंच ना रे?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं.

"नेहमीचंच," तो म्हणाला.

कोळिणीनं मडकी भरली. पण कडू क्षार हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळी हवेत मडक्यातलं मीठ पाझरू लागलं, मासळी नीट मुरलीच नाही. आधी ती चिकट झाली, मग नासली. घरोघरी तेच झालं. त्या पावसात कोळीवाड्यातल्या कितीतरी चुली विझलेल्या राहिल्या.

कोळीण त्याच्या दारात आली. हातात नासका मासा होता.

"दादा, मीठ तर तुझंच होतं. मग माझ्याच हातून काय चुकलं रे? मी मासळी धुतली नव्हती का नीट?"

त्याला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. पण तो खाली मान घालून टोपलीची वीण चाचपत बसला. ती डोळे पुसत माघारी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं बांध फोडला, समुद्राचा वाटा सोडला. मीठ पुन्हा पांढरंशुभ्र पिकलं. पहिली टोपली डोक्यावर घेऊन तो कोळिणीच्या घरी गेला. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "भर पावसात पोरांना घेऊन गेली बिचारी. कुठं गेली, कुणाला माहीत नाही. जाताना सारखी म्हणत होती, माझ्याच हाताला यश नाही."

शेजारीण आत गेल्यावर तो त्या बंद दारासमोर बसला आणि म्हणाला, "बाई, तुझं काही चुकलं नव्हतं." ऐकायला तिथं कुणीच नव्हतं.

तात्पर्य एवढंच: जे वेळीच सोडून द्यायचं, ते हावेपोटी ठेवून घेतलं, की त्याचा कडूपणा दुसऱ्याच्या ताटात उतरतो; आणि मीठ एक वेळ धुता येतं, गेलेलं माणूस परत आणता येत नाही.