उंबऱ्याबाहेरचा तलाव

आमच्या वाचनालयात गावातल्या नवोदित चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं. चित्रं निवडायचं काम खांबेटे सरांकडे. सर निवृत्त ड्रॉइंग मास्तर. कला म्हणजे काय, हे गावात फक्त आपल्यालाच कळतं, अशी त्यांची पक्की समजूत.

वत्सलाकाकू गुरव त्यांच्याकडे रांगोळीसाठी जागा मागायला गेल्या. काकूंचं वय बासष्ट, पण प्रदर्शनात कधीच नव्हत्या, म्हणजे नवोदितच की!

“काकू, रांगोळी ही काही कला नव्हे,” सर म्हणाले. “ना कागद, ना फ्रेम. जमिनीवरची नुसती पूड ती!”

“बरं. मग स्वागताला दारात काढू?”

“दारात काय हवं ते काढा.”

उद्घाटनाच्या सकाळी काकूंनी उंबऱ्याबाहेर, ओसरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, गावचा तलाव काढला. पाण्यात बगळे, काठावर धुणं धुणाऱ्या बाया. सर पाहुण्यांना घेऊन आले आणि थबकले. मागे सगळं गाव थांबलं.

काकू आत उंबऱ्याशी उभ्या होत्या. “या ना, सर.”

“कसा येऊ? पाय कुठे ठेवू?”

“ठेवा की कुठेही. नुसती पूड तर आहे!”

सरांनी बूट काढले. पाय उचलला, बगळ्याकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला.

पाहुण्यांना मागच्या दाराने आत नेलं. सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात कार्ड लिहिलं, ‘चित्र क्रमांक एक : वत्सला गुरव’. पण चित्र भिंतीवर नव्हतंच, मग कार्ड लावणार कुठे? म्हणून प्रदर्शन संपेपर्यंत कार्ड हातात धरून सर तलावाच्या काठाशी अनवाणी उभे राहिले.